बत्तीस एन्मा आणि एक पत्र

निम्मे मुळे धुऊन झाले होते आणि निम्मे अजून चिखलातच होते, तेवढ्यात कुराताची सायकल कुंपणाशी येऊन थांबली. सेत्सुए मागच्या दाराशी नळाखाली उकिडवी बसून काथ्याच्या घासणीनं एकेक मुळा लख्ख करत होती. हातभर लांब, मांडीएवढे जाड, नेरिमाच्या मातीतले मुळे. ते धुवायचे, जोडीजोडीनं दोरीला बांधून उन्हात टांगायचे, काठीसारखे वाकायला लागले की पिंपात मिठाकोंड्यात दाबायचे. हे काम कामोशितांच्या घरात दर नोव्हेंबरात होई आणि त्यावर हुकूम असे तो सासूबाईंचा. शोवा अठ्ठावन्नचा, म्हणजे एकोणीसशे त्र्याऐंशीचा, हा नोव्हेंबर पहिलाच, की हुकूम सोडायला कोणी नव्हतं. उमे आजींना जाऊन चौतीस दिवस झाले होते.

कुरातानं सायकलच्या मागून पुठ्ठ्याचं खोकं सोडवलं, तेव्हाच सेत्सुएनं घासणी खाली ठेवली. कार्टूनच्या स्टुडिओतून भरलेलं खोकं येतं ते नव्या कामाचं, आणि नवं काम मंगळवारी येतं. आज गुरुवार होता.

कुराता होती सव्वीस वर्षांची. घरोघरच्या बायकांनी रंगवून दिलेली पानं तपासायचं तिचं काम. तिनं आधी दारातच वाकून दोनदा माफी मागितली, चूक आमचीच म्हणाली, कागदावर अजून स्पष्ट लिहायला हवं होतं म्हणाली. स्टुडिओतून आलेलं माणूस एवढी माफी मागतं म्हणजे चूक आपली आहे, हे सेत्सुएला दहा वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. तिनं हात पुसले आणि खोक्याचं झाकण उघडलं.

आत तिचेच एन्मा होते. यमराज एन्माच्या चेहऱ्याची बत्तीस पारदर्शक पानं. पुढून काळी रेघ, मागून रंग. बत्तीसच्या बत्तीस चेहरे देवळातल्या चित्रांच्या पडद्यावर असतात तसे तांबडेलाल.

"कामोशिता-सान," कुराता हळूच म्हणाली, "कागदावर चेहऱ्याला बेचाळीस नंबर होता."

"होता ना. मी पाहिला. बेचाळीस म्हणजे माणसाच्या कातडीचा रंग. मला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकला. मी दुरुस्त करून सतरा नंबर लावला."

हे सांगताना तिच्या आवाजात जरासुद्धा कचरणं नव्हतं. एन्माचा चेहरा लाल असतो हे दूध पिणाऱ्या पोराला कळतं. खोटं बोललास तर तो लाल तोंडाचा जीभ उपटेल, असं सांगूनच इथली पोरं मोठी होतात. दर वर्षी उन्हाळ्यात देवळात तो पडदा उलगडतात तेव्हा सेत्सुए पहिल्या रांगेत बसते. स्टुडिओतली ही कालची पोरं, देवळाची पायरी न चढलेली. चित्रात एन्माला दाढीसुद्धा काढली नव्हती त्यांनी. आळशीपणा, दुसरं काय, असं तिनं तेव्हा मनात म्हटलं होतं आणि निदान रंग तरी नीट जाऊ दे म्हणून लाल बाटली उघडली होती.

कुराता पायरीवर बसली आणि तिनं सगळी गोष्ट सांगितली. घरी रंगवणाऱ्या बायकांना गोष्ट कोणी सांगत नाही. कुणाच्या वाट्याला नुसते हात येतात, कुणाच्या वाट्याला नदी, आणि सिनेमा आला की त्या थिएटरात बसून आपला हात ओळखतात. हा सिनेमा तर फक्त बारा मिनिटांचा होता. एक माणूस मरतो आणि लांबलचक जिना चढत न्यायाच्या दालनात जातो. दालनात पडदा आहे, पडद्याआड न्यायाधीश बसलाय. माणूस आपली बाजू मांडतो, रडतो, चिडतो, खोटं बोलतो. पडद्याआडून एक शब्द येत नाही. शेवटी पडदा सरकतो आणि एन्माच्या मुकुटाखाली त्या माणसाचा स्वतःचाच चेहरा असतो.

"त्याचाच?"

"त्याचाच. म्हणून दाढी नाही. म्हणून बेचाळीस."

सेत्सुएनं एक पान उचलून उजेडात धरलं. आता कळल्यावर तो चेहरा मुळीच देवळातला वाटेना. ओठाजवळ एक लहानसा तीळ होता, तो तिनं स्वतःच्या हातानं बत्तीस वेळा रंगवला होता आणि यमराजाला तीळ कशाला, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला आधी लाज वाटली आणि मग हसू आलं. दोन्ही एकदमच आल्यामुळे ती नुसतीच खोकली.

कॅमेरा उद्या संध्याकाळपुरताच त्यांना मिळणार होता. चार वाजेपर्यंत पानं हाती आली तर ठीक, नाहीतर तो पडदा सरकायचा प्रसंगच गाळावा लागेल, असं दिग्दर्शक तोबे-सान म्हणत होते. आणि तो प्रसंग गाळला तर मागे उरतो फक्त जिना चढणारा माणूस. दुसऱ्या कुणाला द्यायची का पानं, असं कुरातानं विचारलं खरं, पण विचारताना ती खोक्याकडे बघत होती. चेहऱ्यावरचा रंग रेघेपर्यंत काठोकाठ, फुगा न येता पसरवायचा हात सगळ्या भागात दोघी-तिघींकडेच होता. सेत्सुए म्हणाली, ठेवून जा, मी करते.

कुराता वाकून वाकून निघून गेली. सायकल वळणावर दिसेनाशी झाली आणि मग सेत्सुएच्या ध्यानात आलं की उद्या पस्तिसावा दिवस.

माणूस गेला की दर सातव्या दिवशी तो एकेका न्यायाधीशापुढे उभा राहतो. सात न्यायाधीश, एकोणपन्नास दिवस. घरच्यांनी त्या त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे बसावं, सूत्रं म्हणावीत, अमिदा बुद्धाचं नाव घ्यावं. ते पुण्य वर पोचतं आणि गेलेल्याच्या बाजूनं चार शब्द पडतात. बाकीचे सहा न्यायाधीश तसे सोसण्यासारखे. पाचवा, पस्तिसाव्या दिवसाचा, एन्मा. त्याच्याजवळ आरसा आहे आणि आरशात सगळं दिसतं. हा विधी एखादा दिवस आधी केला तर चालतो, नंतर मात्र नाही. न्याय होऊन गेल्यावर साक्ष देऊन काय उपयोग. आणि आदल्या दिवशी दुपारी भिक्षूंना आज या म्हणून सांगणं शक्यच नव्हतं. ते उद्या अकराला यायचे होते, कावागोएहून नणंद यायची होती, राजमा शिजायला पडला होता.

सातव्या, चौदाव्या दिवशी बसायला कोणी नसतं तरी सेत्सुएला एवढं वाटलं नसतं. पण पस्तिसाव्याचं तिनं कबूल केलं होतं.

उमे आजी सप्टेंबरपासून अंथरुणावर होत्या. शुद्ध शेवटपर्यंत पक्की आणि जीभही. एकदा सेत्सुए त्यांचे पाय चेपत असताना म्हणाल्या, "पस्तिसाव्या दिवशी माझ्यासाठी बस हं. बाकीच्यांना मी बघून घेईन. त्या लालतोंड्याशी माझं जमायचं नाही."

"असं काय केलंय तुम्ही, आई?"

"वय पाच वर्षांनी कमी सांगत आले सगळ्या गल्लीला. तेवढ्यावर जीभ जाते की नाही?"

"मग मी काय सांगू त्याला?"

"चांगलं ते सांग. चांगलं नाही सापडलं तर माझ्या मुळ्याच्या लोणच्याचं सांग." मग थोडं थांबून, भिंतीकडे तोंड करून, "एकच सांगू नकोस."

ते एक कुठलं, हे दोघींनाही माहीत होतं. सतरा वर्षं त्या घरात कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

सतरा वर्षांपूर्वी, अशाच नोव्हेंबरात, मुळे पिंपात दाबायच्या दिवसांत, नीगाताहून सेत्सुएच्या भावाचं पत्र आलं होतं. आईची सर्दी छातीत उतरली आहे, जमलं तर येऊन जा. घरात टेलिफोन नव्हता. पत्र उमे आजींच्या हाती पडलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून स्वयंपाकाच्या एप्रनच्या खिशात टाकलं आणि दोन दिवस तिथंच ठेवलं. दोन पिंपं भरायची होती, हाताखाली सून हवी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, पिंपावर दगड चढल्यावर, त्यांनी ते सेत्सुएच्या हातावर ठेवलं. सेत्सुए मिळेल त्या गाडीनं गेली. आईनं तिला ओळखलं, एक दिवस हात धरून ठेवला, आणि गेली. एकच दिवस मिळाला. तीन मिळाले असते. परत आल्यावर उमे आजी एवढंच म्हणाल्या, "पिंप दाबायचं राहिलं होतं." त्यापलीकडे माफीचा एक शब्द नाही, ना तेव्हा, ना पुढे.

सेत्सुए भांडली नाही. ती भांडणारी बाईच नव्हती. ती सासूबरोबर सतरा वर्षं बऱ्यापैकी सुखानं राहिली, हेही खरं. दोघी एकाच टेबलाशी बसून हसल्या, एकीनं रंगवलं आणि दुसरीनं ओली पानं फळीवर वाळत ठेवली, दोघींनी मिळून टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवली. पण ते पत्र तिच्या आत कुठंतरी घडी घातलेलंच राहिलं. आणि आता एन्मापुढे ते लपवायचं होतं, ज्याच्याजवळ आरसा आहे त्याच्यापुढे.

संध्याकाळी तिचे यजमान तोकुजी घरी आले. त्यांची पालिकेत पाण्याचे मीटर वाचायची नोकरी. दिवसभर लोकांच्या अंगणात वाकून वाकून स्वभावही तसा खाली बघणारा, शांत. बायकोनं जेवताना त्यांना लाल एन्माची कथा सांगितली. त्यांनी भाताचा वाडगा खाली ठेवला आणि ते बराच वेळ आवाज न करता हसत राहिले.

"म्हणजे न्यायाधीश जर आपलाच चेहरा लावून बसत असेल," ते म्हणाले, "तर आई उद्या दुपारच्या आत सुटली म्हणायची. तिनं जन्मात कधी स्वतःची चूक काढली?"

सेत्सुएही हसली. खरंच होतं ते. सगळी गल्ली उमे आजींच्या तोंडून सुटली नव्हती, त्या स्वतः मात्र सुटल्या होत्या. मग तोकुजी म्हणाले, अगं पण तू तिथं गेलीस तर सात जन्म अडकून पडशील. यावर तिनं त्यांच्या वाडग्यात आणखी भात घातला, म्हणजे गप्प बसा.

जेवण होतंय तोच नणंदेचा फोन आला. हिसायो तोकुजींपेक्षा तीन वर्षांनी मोठी, आईचंच तोंड घेऊन जन्मलेली. सेत्सुएनं तिला खरं काय ते सांगितलं. पलीकडून आधी सुस्कारा आला. मग हिसायो म्हणाली की एवढंच असेल तर वहिनी तू आपली रंगव, आईपुढे मी बसते, मुलगीच आहे मी तिची. बोलणं रीतसर होतं, पण त्यातलं बोचायचं ते बोचलं. सेत्सुए म्हणाली, "नाही ताई, मी कबूल केलंय. मी बसणार." फोन ठेवल्यावर तिनं तांदूळ धुऊन ठेवले, राजमा गाळून ठेवला आणि लवकर झोपली. तिची झोपेशी कधी कटकट नसे.

पहाटे फटफटायच्या आत ती उठली. देव्हाऱ्यात उदबत्ती लावली, दहादा नाव घेतलं, उमे आजींच्या फोटोपुढे चहा ठेवला आणि शेजारच्या टेबलाशी बसली. फोटोतल्या आजी कॅमेऱ्याकडे न बघता फोटो काढणाऱ्याच्या बुटांकडे बघत होत्या. बूट घाणेरडे होते, असं त्यांनी नंतर सांगितलं होतं.

लावलेला रंग काढणं हे लावण्यापेक्षा नाजूक काम. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, त्यानं कड सोडवायची, मग ओल्या फडक्यानं हलकेच टिपत रंग उचलायचा. पुढच्या बाजूची काळी रेघ दुखावता कामा नये. काडी धरायच्या दोन बोटांपुरती टोकं कातरलेले पांढरे हातमोजे हातात, कारण पानावर टेकलेल्या हाताचा ठसा उमटला तर तो पडद्यावर डोंगराएवढा दिसतो. पातेल्यातलं पाणी लाल होत गेलं. ती ते मुळ्यांच्या चिखलात ओतून येई आणि पुन्हा बसे. एकेक यमराज फिका होत होता. नुसती रेघ उरली की तो कोणीही असू शकत होता. मग ती बेचाळीस नंबरची बाटली हलवी आणि भरे. रंग ओढायचा नाही, पुढे ढकलायचा, पाण्याच्या थेंबाला वाट दाखवावी तसा. ओठाजवळचा तीळ सगळ्यात आधी.

दहा वाजेपर्यंत अठरा झाले. टेबल भरलं, फळी भरली, म्हणून वाळायला ठेवायची पानं ती देव्हाऱ्याच्या खोलीत चटईवर मांडू लागली. त्या खोलीत ऊन चांगलं येई.

हिसायो आली ती काळा किमोनो घालून, हातात नाशपातीचं खोकं घेऊन. दारातूनच तिनं खोलीभर पसरलेले चेहरे पाहिले.

"वहिनी, आईला निरोप द्यायचाय की आईला घाबरवायचंय?"

"ताई, जरा पाय बघून ठेवा. ओले आहेत."

"एवढे न्यायाधीश तर चोर-दरोडेखोरालाही लागत नाहीत." पण किमोनो गुडघ्यापर्यंत उचलून ती भिंतीच्या कडेकडेनं गेली आणि आईच्या फोटोपुढे नाशपाती मांडली.

अकराला भिक्षू आले. देवळाचे प्रमुख काकुएन, सत्तरीचे, कानानं थोडे अधू. त्यांनी खोलीत पाऊल टाकलं, खाली बघितलं आणि क्षणभर तिथंच थांबले. सेत्सुएची मान शरमेनं खाली गेली. ती सांगायला लागली की चार वाजेपर्यंत, आणि कॅमेरा, आणि चूक माझी. काकुएन ऐकत होते की नव्हते कुणास ठाऊक. चष्मा वर करून त्यांनी एक पान नीट न्याहाळलं.

"हे एन्मा का?"

"हो."

"आमच्या पडद्यावरचे असे नाहीत."

"तो मेलेल्या माणसाचाच चेहरा आहे, महाराज. सिनेमात तसं दाखवलंय."

काकुएननी थोडा विचार केला. "मग आमच्या पडद्यावर कुणाचा चेहरा आहे?" ते म्हणाले. उत्तराची वाट न बघता पानांच्या मधल्या मोकळ्या चटईवर बैठक मारली आणि घंटेवर दांडी टेकवली.

तोकुजी अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. तिघं ओळीनं बसले. सेत्सुएच्या नखांत लाल आणि कातडी रंग दोन्ही होते. तिनं जपमाळ हातात धरली आणि ठरवल्याप्रमाणे सांगायला सुरुवात केली, मनातल्या मनात, एन्माला. म्हणाली, ही बाई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. वय कमी सांगितलं त्यात कुणाचं काही गेलं नाही. हिनं युद्धानंतरच्या उपासमारीत शेजारच्या तीन पोरांना आपल्या ताटातलं दिलं. हिनं मला रंगवायला बसू दिलं, जेव्हा गल्लीतल्या बाकीच्या सासवा म्हणत होत्या की घरात बसून कार्टून रंगवणं हे काय सुनेचं काम आहे. हिच्या मुळ्याच्या लोणच्यासाठी पार पूर्व वेशीपासून माणसं यायची.

बाहेर पोस्टमनच्या लाल स्कूटरचा आवाज आला. कुंपणाशी थांबला. डब्याचं झाकण उघडून मिटलं. स्कूटर गेली.

आणि घरात काहीच झालं नाही.

सेत्सुएचे मणी थांबले. आजी होत्या तोवर, त्या पत्रानंतरच्या सतरा वर्षांत, असं कधी झालं नव्हतं. झाकण वाजलं की उमे आजी उठायच्या. हातातलं काम, तोंडातला घास, काही असो. पायरीचा कठडा धरून, गुडघ्याला शिव्या देत, डब्यापर्यंत जायच्या आणि सेत्सुएच्या नावाचं जे काही असेल ते घेऊन ती जिथं असेल तिथं यायच्या. "सेत्सुए, पत्र!" ती न्हाणीत असली तर न्हाणीच्या दाराशी. संडासात असली तर तिथंही, बाहेर उभ्या राहून. ती रंगवत असली तर हात मोकळे होईपर्यंत शेजारी उभ्या. मग दोन्ही हातांनी देत. विजेचं बिल असो की कपड्यांच्या दुकानाची जाहिरात, दोन्ही हातांनी. सेत्सुएला त्याचा कोण राग यायचा. तिला वाटे म्हातारीला चौकशी हवी, कुणाचं आलं, काय लिहिलंय. पण उमे आजींनी एकदाही विचारलं नव्हतं. पत्र हातात पडलं की त्या वळायच्या आणि निघून जायच्या. शेवटच्या महिन्यात उठता येईना तेव्हा झाकण वाजलं की अंथरुणातून हाक मारायच्या, "आलं बघ, आधी घे, मग बाकीचं."

आधी घे, मग बाकीचं.

समोर ऊन चटईवर सरकलं होतं. अठरा चेहरे त्यात वाळत होते, अठराही जणांच्या ओठाशी तीळ. सेत्सुए त्यांच्याकडे बघत राहिली. तोकुजी काल हसले होते की आईनं कधी स्वतःची चूक काढली नाही. तीही हसली होती. पण खाली पायरीजवळचा कठडा उमे आजींच्या हातानं गुळगुळीत झाला होता, तो कशापायी झाला होता?

सूत्राचा शेवटचा भाग आला. तिला जे सांगायचं नव्हतं तेच तिनं सांगितलं. हिनं माझं एक पत्र दोन दिवस लपवलं, ती म्हणाली. माझे आईजवळचे दोन दिवस गेले. ते तुझ्या आरशात आहेच, मी कशाला झाकू. पण मग तिथंच थांबू नकोस. पुढचं सगळं बघ. एकेक पत्र बघ. पाऊस असतानाचं बघ, गुडघा सुजला होता तेव्हाचं बघ. तिचा न्याय मला वाटतं झालाय, तू उगाच पुन्हा नको करूस.

मग तिनं अमिदाचं नाव घेतलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती उठताना जवळजवळ पानावर पाय देणार होती. हिसायोनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

भिक्षू राजम्याचा लाल भात खाऊन, चहा घेऊन गेले. दाराशी तोकुजींनी हळूच विचारलं, "काय सांगितलंस?"

"पत्राचं सांगितलं."

त्यांचा चेहरा पडला. त्या पत्राचं त्यांनाही माहीत होतं. त्या वेळी ते कामावर होते आणि नंतर काही बोलले नव्हते. "लपवलेल्या?"

"ते एक. आणि नंतरची सगळी."

तोकुजी पायरीच्या कठड्याकडे बघत उभे राहिले. आत कपबश्या आवरणाऱ्या हिसायोनं ते ऐकलं असावं. ती बाहेर न येताच म्हणाली, "मी किती वेळा सांगितलं तिला, आई, सून तरणी आहे, तिची पत्रं ती आणेल. तर म्हणायची, तुला काय कळतंय, तू भांडी घास." मग नाक ओढलं, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, "वहिनी, अजून किती राहिलेत तुझे न्यायाधीश?"

"चौदा."

"दीड वाजलाय. रंग लावणं मला जमायचं नाही. पुसणं जमेल ना?"

हिसायोनं किमोनोच्या बाह्या दोरीनं मागे बांधल्या, आईचं जुनं एप्रन चढवलं आणि टेबलाशी बसली. पहिल्या पानाची रेघ तिनं खरवडून टाकली आणि स्वतःवरच तोंडभर चिडली. दुसऱ्यापासून हात बसला. सेत्सुए भरत गेली आणि हिसायो पुसत गेली. पुसताना तिचं तोंड चालूच होतं, एन्माला उद्देशून, की एवढं मोठं तोंड कशाला हवं होतं रे तुला. खरवडलेल्या रेघेचं पान सेत्सुएनं बारीक कुंचल्यानं सांधून घेतलं, कुणाला कळू नये इतकं. तोकुजींनी उन्हाळ्यातला पंखा माळ्यावरून काढून आणला आणि शेवटच्या पाच पानांसमोर लांबून धरून उभे राहिले, मीटर वाचताना उभे राहतात तसेच, वाकून.

पावणेचारला कुराता आली. तिनं बत्तीसही पानं खिडकीशी धरून पाहिली, प्रत्येक पान, एकेक. मग ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. सेत्सुए म्हणाली, "पुढच्या वेळी मला गोष्ट सांगूनच पानं देत जा. नाहीतर मला वाटेल ते मी दुरुस्त करते." कुराता म्हणाली की तोबे-सान विचारत होते, लाल एन्मा बघून. म्हणाले की या बाईंना खरा एन्मा माहीत आहे, पुढच्या वेळी चित्र काढायच्या आधीच विचारू. सेत्सुएला हे खरं वाटलं नाही, पण गोड वाटलं.

सायकल गेल्यावर ती पत्राच्या डब्याशी गेली. आत पाकीट नव्हतं, जाहिरात होती. स्टेशनाजवळच्या दुकानात हिवाळी रजया स्वस्त. तिनं ती दोन्ही हातांनी काढून घेतली, उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि आत नेऊन फोटोपुढच्या नाशपातीशेजारी ठेवली. उमे आजी अजूनही कुणाच्या तरी बुटांकडे बघत होत्या.

हिसायो पिशवी भरत होती. जाता जाता म्हणाली की मागच्या दारी ते मुळे अर्धे तसेच पडलेत, आईनं पाहिलं असतं तर. सेत्सुए म्हणाली, पाहतायत त्या, आणि पुन्हा बाह्या वर केल्या. उरलेले मुळे अंधार पडायच्या आत धुऊन होतील असे होते. पण घरातली टांगायची दोरी मागच्या वर्षीची, कुजलेली होती. तिनं पायात चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या बियाण्याच्या दुकानातून गवताची नवी दोरी आणायला निघाली.